पाटीसोबत कुदळ की पाटीऐवजी कुदळ? शालेय शेतीशिक्षणाचा आपण विसरलेला इतिहास

शाळेतल्या परसबागेचा विषय निघाला की आपल्या चळवळीत दोन तट पडतात, हे आम्ही अनेक बैठकांत पाहिले आहे. एक तट म्हणतो, "आमच्या बापजाद्यांनी दुसऱ्याच्या रानात राबून हाडे झिजवली. आता पोर शाळेत घातले, तर तिथेही त्याच्या हातात कुदळच द्यायची काय?" दुसरा तट म्हणतो, "आपण कष्टकऱ्यांची लेकरे. मातीची लाज वाटायला लावणारे शिक्षण काय कामाचे?" कळकळ दोन्हीकडे असते. पण दोन्ही तट एक गोष्ट धरून चालतात, ती म्हणजे मुलांना शाळेत शेती शिकवण्याची कल्पना वर्ध्याहून आली, गांधीजींच्या नई तालीममधून आली. म्हणून एक तट तिला विरोध करतो आणि दुसरा बिचकत बिचकत तिचे समर्थन करतो.

मित्रांनो, हे धरून चालणेच चुकीचे आहे. वर्ध्याच्या परिषदेच्या ५५ वर्षे आधी, १८८२ साली, खेड्यातल्या शाळेत शेतीचे शिक्षण असावे आणि त्यासाठी शाळेला जोडून छोटा नमुनेदार मळा असावा, अशी लेखी मागणी राष्ट्रपिता जोतीराव फुले यांनी केली होती. ती कोणत्या अटींसह केली होती, हे समजून घेतले तर आपल्या दोन्ही तटांचे भांडण बरेचसे मिटेल आणि आज सरकारला काय विचारायचे तेही कळेल.

आजच हा विषय का?

कारण हा विषय पुन्हा शाळेच्या दारात आला आहे. २०१९ मध्ये केंद्र सरकारने शाळांमध्ये पोषणबाग, म्हणजे आपल्या भाषेत परसबाग, करण्याच्या मार्गदर्शक सूचना काढल्या. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात सहावी ते आठवीच्या दरम्यान दहा दिवस दप्तराविना शाळा सांगितली आहे. त्या दिवसांत मुलांनी सुतार, माळी, कुंभार अशा स्थानिक कारागिरांच्या हाताखाली काम शिकायचे आहे. कागदावर वाचताना यात खटकण्यासारखे काही दिसत नाही. मूल हाताने काम करील, भाजी पिकवील, ती खिचडीत पडेल. वाईट काय आहे?

पण आमच्यापैकी अनेकांना कार्यानुभवाचा तास आठवतो. आळी खणायला, दगड वेचायला, शेणखत वाहायला वस्तीतली पोरे. हौदावरून पाणी आणायचे तर दुसरी पोरे, कारण हौदाला आमचा हात लागलेला चालत नसे. वहीत झाडांची नावे आणि मोजमाप लिहायचे काम आणखी तिसऱ्यांचे, कारण त्यांचे अक्षर चांगले. आणि वांगी-भेंडी निघाली की पिशवी भरून गुरुजींच्या घरी. शेतीशिक्षण सर्वांना एकच मिळाले, असे हजेरीपट सांगतो. प्रत्यक्षात एकाच बागेत तीन वर्ण शिकत होते. म्हणून "बाग चांगली की वाईट" या प्रश्नात आम्हाला रस नाही. बागेत कोण काय करतो आणि बागेतून बाहेर पडून कुठे जातो, हे पाहिले पाहिजे.

१८८२ : जोतीरावांनी नेमके काय मागितले?

१८८२ च्या फेब्रुवारीत इंग्रज सरकारने विल्यम हंटर यांच्या अध्यक्षतेखाली शिक्षण आयोग नेमला. १९ ऑक्टोबर १८८२ रोजी जोतीरावांनी पुण्याहून या आयोगाला आपले निवेदन दिले. निवेदनाखाली त्यांनी स्वतःची ओळख व्यापारी, शेतकरी आणि म्युनिसिपल कमिशनर अशी लिहिली आहे. यातला "शेतकरी" हा शब्द शोभेचा नाही. मांजरीला त्यांची शेती होती. कालव्याच्या पाण्यावरची शेती, विहिरी, बैल, खत, सावकार, सारा हे सगळे त्यांनी अंगावर घेतले होते. शाळाही त्यांनी स्वतः काढल्या आणि चालवल्या होत्या. शेत आणि शाळा या दोन्ही ठिकाणी घाम गाळलेला माणूस हे निवेदन लिहीत होता.

त्या निवेदनाचा पाया असा आहे. सरकारी तिजोरीत येणारा मोठा हिस्सा रयतेच्या घामातून येतो. त्या पैशावर शिकतात मात्र वरचे वर्ग. सरकार वरच्या शिक्षणावर सढळ हाताने खर्च करते आणि रयतेच्या प्राथमिक शिक्षणाकडे दुर्लक्ष करते. हा अन्याय थांबवायचा तर काय करावे, हे जोतीरावांनी मुद्देसूद सांगितले.

पहिली मागणी, प्राथमिक शिक्षण निदान बारा वर्षांच्या वयापर्यंत सक्तीचे करा. १८८२ साली ही मागणी करणारे आपल्याकडे किती जण होते? पुढे १९११ मध्ये नामदार गोखल्यांनी सक्तीच्या शिक्षणाचे विधेयक आणले, तेही फेटाळले गेले.

दुसरी मागणी अभ्यासक्रमाची. मोडी आणि बाळबोध वाचन-लेखन, हिशेब, सामान्य इतिहास, सामान्य भूगोल, व्याकरण, शेतीचे प्राथमिक ज्ञान, आणि नीती व आरोग्याचे काही पाठ. ही यादी सावकाश वाचा. शेती त्यात आहे, पण ती एकटी नाही. तिच्या आधी वाचन आहे, लेखन आहे, हिशेब आहे. कारण जोतीरावांना ठाऊक होते की शेतकरी नांगर धरता येत नाही म्हणून बुडत नव्हता. तो बुडत होता कारण सावकाराने कागदावर काय लिहिले ते त्याला वाचता येत नव्हते, कुलकर्ण्याच्या दप्तरात कोणता आकडा पडला ते कळत नव्हते, कोर्टातल्या कारकुनाने कशावर अंगठा घेतला ते समजत नव्हते.

तिसरी मागणी आपल्या विषयाची. खेड्यातल्या शाळेचे विषय मोठ्या गावातल्या शाळेपेक्षा थोडे कमी असले तरी चालतील, पण ते व्यवहारोपयोगी असावेत. शेतीच्या धड्यांना जोडून एक छोटा नमुनेदार मळा असावा आणि तिथे मुलांना प्रत्यक्ष शिकवावे. तो नीट चालवला तर देशाचे मोठे कल्याण होईल, असे त्यांनी आयोगाला बजावले. आज आपण ज्याला शाळेची परसबाग म्हणतो तिची ही महाराष्ट्रातली फार जुनी आणि स्पष्ट मागणी आहे. ती एका शूद्र समाजसुधारकाने, शूद्रातिशूद्रांच्या मुलांसाठी केली.

चौथी मागणी शिक्षकाची, आणि आमच्या मते सगळ्यांत महत्त्वाची. त्या वेळी प्राथमिक शाळांतले जवळजवळ सगळे मास्तर ब्राह्मण होते. जोतीरावांनी सांगितले की शिक्षक शक्यतो शेतकरी वर्गातून घ्या. ज्याला नांगराचा रुमणा किंवा सुताराचा वाकस हातात धरायची लाज वाटत नाही, जो मुलांत मिसळतो, त्यांच्या गरजा जाणतो, असा माणूस घ्या. त्याला चांगला पगार द्या, लहान खेड्यातही दरमहा बारा रुपयांपेक्षा कमी नको. सोवळ्यातला मास्तर शेतीचा धडा घोकून घेईल, पण मळ्यात उतरणार नाही, आणि मुलांना कळेल की मळ्यात उतरणे हे हलक्या माणसाचे काम आहे. अशा मास्तराच्या शाळेतला मळा जातिभेदच शिकवील, हे जोतीरावांनी ओळखले होते.

आणि त्याच निवेदनात महार-मांगांच्या मुलांची दशाही आहे. वरच्या जातीच्या मुलांशेजारी बसू दिले जात नाही म्हणून ही मुले शाळेबाहेरच राहतात. पुण्यात या समाजांची वस्ती पाच हजारांहून अधिक, आणि त्यांच्यासाठी शाळा एकच, तिच्यात मुले तीसपेक्षाही कमी. शिक्षणखात्याला हे शोभत नाही, असे त्यांनी स्पष्ट लिहिले.

पुढच्याच वर्षी, १८८३ मध्ये, 'शेतकऱ्याचा असूड' पूर्ण झाला. त्याचे काही भाग त्यांनी ठिकठिकाणी वाचून दाखवले, बडोद्यात सयाजीराव महाराजांनाही ऐकवले. असूडातही धरणे, ताली, विहिरी, जनावरांची चांगली पैदास यांच्याबरोबर शेतीची प्रदर्शने आणि पिकांच्या व औते हाकण्याच्या परीक्षा घेऊन बक्षिसे द्यावीत, अशी सूचना आहे. परीक्षा आणि बक्षीस म्हणजे तोवर शास्त्रीपंडितांची मक्तेदारी. जोतीरावांनी ती नांगरापर्यंत आणली. शेती ही विद्या आहे आणि ती करणारा विद्वान ठरू शकतो, ही त्यामागची भूमिका. अक्षरविद्या शेतकऱ्याच्या घरात न्यायची आणि शेतीला विद्येचा मान द्यायचा, या दोन्ही गोष्टी जोतीरावांना एकाच वेळी हव्या होत्या.

एकाच मळ्यावर दोन शाळा

या मागणीचे मोल कळायचे तर त्या शतकात जगात काय चालले होते ते पाहावे लागेल.

युरोपात मुलांना शेतीतून शिकवण्याचे प्रयोग अठराव्या शतकाच्या शेवटी सुरू झाले. स्वित्झर्लंडमध्ये पेस्टालॉझी यांनी १७७४ च्या सुमारास नॉयहोफ येथील आपल्या शेतावर गरीब, अनाथ मुले आणली. मुलांनी शेतात आणि सूतकताईत काम करायचे, त्यातून खर्च भागवायचा आणि कामाबरोबर शिकायचे. हेतू उदात्त होता, पण मुलांच्या श्रमातून शाळेचा खर्च निघाला नाही. काही वर्षांतच प्रयोग बंद पडला. हा धडा लक्षात ठेवा, तो पुढे वर्ध्याला कामी येणार आहे.

त्यांच्यानंतर फेलनबर्ग यांनी बर्नजवळ हॉफविल येथे मोठी शेती-शाळा उभारली. तिची कीर्ती युरोपभर झाली. पण तिथे एकाच मळ्यावर वेगवेगळ्या शाळा होत्या. सरदार-श्रीमंतांच्या मुलांसाठी भाषा, विज्ञान, संगीत शिकवणारी वेगळी संस्था. गरिबांच्या मुलांसाठी वेगळी शाळा, तिथे दिवसाचा बराच वेळ शेतात काम आणि उरलेल्या वेळात धडे. ज्याने त्याने आपापल्या पायरीला शोभेल असे शिकावे, हा त्यामागचा विचार. वाचकहो, ओळखीचे वाटते ना? जन्माने ठरलेल्या पायरीप्रमाणे शिक्षण. वर्णव्यवस्था हा शब्द नव्हता, एवढेच.

दुसरी वाट जर्मनीतल्या फ्रोबेल यांची. त्यांनी १८४० मध्ये आपल्या बालशाळेला किंडरगार्टन, म्हणजे मुलांची बाग, हे नाव दिले. त्यांच्या बागेत प्रत्येक मुलाला स्वतःचा छोटा वाफा आणि सगळ्यांचा मिळून एक सामाईक तुकडा असे. मूल तिथे मजुरी करत नव्हते. बी रुजताना पाहत होते, आपले आणि सगळ्यांचे यातला फरक शिकत होते. गंमत अशी की प्रशियाच्या सरकारने १८५१ मध्ये या बालशाळांवर बंदी घातली आणि ती जवळजवळ दहा वर्षे टिकली. गरिबाच्या मुलाला मळ्यात राबवणाऱ्या शाळेचे युरोपभर कौतुक झाले, आणि मुलाला मोकळेपणी विचार करायला लावणारी बाग सरकारला धोकादायक वाटली.

१८६९ मध्ये ऑस्ट्रियाच्या शाळा-कायद्याने खेड्यातल्या शाळांना बाग आणि शेतीच्या प्रयोगासाठी जागा असावी असे ठरवले. त्यानंतर ही कल्पना युरोपातल्या अनेक देशांत पसरली. अमेरिकेतल्या बोस्टनमधल्या रॉक्सबरीच्या शाळेत १८९१ मध्ये बाग सुरू झाली, आणि पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत शालेय बागांची तिथे चळवळच झाली. जोतीरावांचे निवेदन ऑस्ट्रियाच्या कायद्यानंतर अवघ्या तेरा वर्षांचे, आणि रॉक्सबरीच्या बागेच्या नऊ वर्षे आधीचे आहे. आपला माणूस जगाच्या मागे नव्हता.

टस्कीगीचा वाद आपलाही आहे

जोतीरावांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' हे पुस्तक अमेरिकेतील गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना अर्पण केले होते. त्या मुक्त झालेल्या कृष्णवर्णीयांच्या मुलांना काय शिकवावे, हा प्रश्न तिथेही पेटला.

१८८१ मध्ये बुकर टी. वॉशिंग्टन यांनी अलाबामात टस्कीगीची शाळा सुरू केली. विद्यार्थ्यांनी स्वतः विटा पाडून इमारती बांधल्या, शेती केली, धंदे शिकले. १८९६ मध्ये तिथे जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर आले. गुलामगिरीत जन्मलेला, एका महाविद्यालयाने केवळ वर्णामुळे प्रवेश नाकारलेला, आणि तरीही कृषिशास्त्रात पदव्युत्तर पदवी मिळवलेला हा माणूस. कापसाने कस गेलेल्या जमिनीत चवळी, भुईमूग, रताळी घेऊन कस परत कसा आणायचा, हे त्यांनी गरीब शेतकऱ्यांना शिकवले. १९०६ पासून शेतीची अवजारे आणि बियाणे भरलेली गाडी घेऊन टस्कीगीची शाळाच गावोगाव जाऊ लागली. १९१० मध्ये कार्व्हर यांनी खेड्यातल्या शाळांसाठी निसर्ग-अभ्यास आणि बागकामावर पुस्तिकाही लिहिली. हे काम मोठे होते, यात शंका नाही.

पण वॉशिंग्टन यांनी १८९५ च्या अटलांटा येथील भाषणात आपल्या लोकांना तूर्त राजकीय हक्कांचा आग्रह बाजूला ठेवून शेती आणि कारागिरीत वर येण्याचा सल्ला दिला. गोऱ्या मालकांना हा सल्ला फार आवडला. डब्ल्यू. ई. बी. द्यू बॉइस यांनी १९०३ मध्ये यावर कडाडून टीका केली. मतदानाचा हक्क, नागरी समानता आणि तरुणांचे उच्च शिक्षण सोडून दिले, तर नुसत्या कारागिरीच्या जोरावर कोणतीही जमात स्वतःचे रक्षण करू शकत नाही, असा त्यांचा मुद्दा होता. शाळेत मुलगा उत्तम शेती शिकेल, पण जमीन मालकाची, हिशेबाची वही मालकाची आणि कोर्टही मालकाचे असेल, तर ते शिक्षण मालकाच्याच फायद्याचे ठरेल. बाबासाहेबांनी १९४६ मध्ये याच द्यू बॉइस यांना पत्र लिहून, कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रसंघाकडे केलेल्या अर्जाच्या प्रती मागितल्या होत्या, हे येथे आठवावे.

वॉशिंग्टन आणि द्यू बॉइस यांचा वाद म्हणजे आपल्या बैठकीतल्या दोन तटांचाच वाद. पण जोतीरावांनी या वादाच्या आधीच उत्तर दिले होते. त्यांनी मळा मागितला, आणि त्याच कागदावर सक्तीचे शिक्षण, हिशेब, इतिहास आणि आपल्या वर्गातला शिक्षकही मागितला.

सरकारने काय घेतले, काय गाळले?

हंटर आयोगाने प्राथमिक शिक्षणात देशी हिशेब, मोजणी आणि विज्ञानाचा शेती-आरोग्यासाठी उपयोग असे व्यावहारिक विषय वाढवावेत, अशी शिफारस केली. पण सक्ती नाही. शेतकरी वर्गातला शिक्षक हवा ही अट मागे पडली. महार-मांगांच्या मुलांना बसायला जागा मिळण्याची हमी नाही. म्हणजे धडा आला, पण शिकणारा आणि शिकवणारा जिथल्या तिथे राहिला.

शेतीचे शिक्षण वरूनच सुरू झाले. पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजात १८७९ मध्ये शेतीचा वर्ग निघाला, पुढे शेतकी कॉलेज झाले. त्यातून शिकलेले बहुतेक सरकारी नोकरीच्या रांगेत लागले. शेतकऱ्याला शेती कळत नाही, ही साहेबांची आणि शिकलेल्या वर्गाची समजूत होती. सरकारनेच बोलावलेल्या व्होएल्कर या कृषी-रसायनतज्ज्ञाने १८९३ च्या अहवालात ती खोडून काढली. भारतीय शेतकरी अडाणी नाही, त्याच्याकडे साधने आणि सोयी नाहीत, असा त्यांचा निष्कर्ष होता. दहा वर्षांपूर्वी असूडात जे लिहिले होते तेच साहेबाने लिहिले, तेव्हा कुठे ते अहवालात छापले गेले.

१९२८ च्या रॉयल कृषी आयोगापुढे शालेय शेतीशिक्षणाचे दोन नमुने होते. एक पुणे जिल्ह्यातल्या लोणीचा, म्हणजे शेतकऱ्यांच्या मुलांसाठी वेगळी शेतकी शाळा. दुसरा पंजाबचा, म्हणजे नेहमीच्या मराठी शाळेसारख्या तिथल्या देशी भाषेतल्या शाळेतच शेतीचा विषय आणि जोडीला शेताचा किंवा बागेचा तुकडा. आयोगाचा कल पंजाबच्या नमुन्याकडे होता. कारण साधे आहे. वेगळी शाळा मुलाला बाजूला काढते, तर नेहमीच्या शाळेतला मळा त्याला पुढच्या शिक्षणाच्या वाटेवरच ठेवतो. १८८२ मध्ये जोतीरावांनी नेहमीच्या शाळेलाच जोडून मळा मागितला होता. तिथे पोचायला सरकारला ४६ वर्षे लागली.

वर्धा आणि मद्रास

ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याला शिक्षण परिषद झाली, झाकीर हुसेन समिती नेमली गेली आणि नई तालीमची योजना पुढे आली. सात वर्षांचे शिक्षण, केंद्रस्थानी सूतकताई, शेती यांसारखा हस्तोद्योग. गांधीजींच्या बाजूने एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे की हातकाम सर्वच मुलांनी करावे असे त्यांचे म्हणणे होते, फक्त खालच्या जातींनी नव्हे. त्यामागचा श्रमप्रतिष्ठेचा विचार आम्ही नाकारत नाही.

पण दोन गोष्टी डोळ्यांआड करता येत नाहीत. एक, मुलांच्या कामातून शिक्षकाचा पगार निघावा ही अपेक्षा. पेस्टालॉझींचा प्रयोग जिथे फसला, तिथेच ही योजना पुन्हा उभी राहिली. अर्थतज्ज्ञ के. टी. शहा यांनी तेव्हाच यावर आक्षेप घेतला होता. दुसरी गोष्ट, मॅट्रिकपर्यंतच्या ज्ञानातून इंग्रजी वजा करून त्यात हस्तोद्योग मिळवायचा, हे गांधीजींचे सूत्र. ज्यांच्या घरात तीन पिढ्या इंग्रजी होते त्यांचे यात काय गेले? त्यांची मुले शहरातल्या इंग्रजी शाळेत जातच राहिली. ज्यांच्या घरात पहिले अक्षर येत होते, त्यांच्याच वाट्याला वजाबाकी आली. श्रमप्रतिष्ठेचे व्याख्यान सर्वांसाठी असले तरी टकळी गरिबाच्या मुलाच्या हातात राहिली.

१९५३ मध्ये मद्रास राज्यात राजगोपालाचारी यांनी तर पडदाच बाजूला केला. मुलांनी शाळेत रोज तीन तास बसायचे आणि उरलेल्या वेळात घरचा धंदा शिकायचा. चांभाराच्या मुलाने चांभारकाम, शेतमजुराच्या मुलाने शेतमजुरी. पेरियार आणि द्रविड चळवळीने या योजनेला कुलकल्वी, म्हणजे कुळाप्रमाणे शिक्षण, असे नाव देऊन रान उठवले. १९५४ मध्ये राजगोपालाचारींना जावे लागले आणि कामराज यांनी योजना मागे घेतली. बहुजन समाज जागा असला की असे निर्णय फिरतात, हे तमिळ जनतेने दाखवून दिले.

याउलट आपल्याच मातीतले उदाहरण कर्मवीर भाऊराव पाटलांचे. १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापन झाली, १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह उभे राहिले. तिथे सर्व जातींची मुले एकत्र राहत, एका पंगतीत जेवत. मुले शेतातही राबली, पण "कमवा आणि शिका" यातला दुसरा शब्द कर्मवीरांनी कधी सोडला नाही. राबणे हे कॉलेजपर्यंत पोचण्याचे साधन होते, कॉलेजऐवजी दिलेली भरपाई नव्हती.

बाबासाहेबांची दृष्टी

बाबासाहेब १९१३ ते १९१६ कोलंबिया विद्यापीठात होते. तिथे त्यांना जॉन ड्यूई गुरू लाभले, आणि त्यांचे ऋण बाबासाहेबांनी पुढे 'जातिप्रथेचे उच्चाटन' मध्ये जाहीरपणे मान्य केले. १९१६ मध्येच ड्यूई यांचा लोकशाही आणि शिक्षण यावरचा ग्रंथ आला. शाळेतल्या बागकामाबद्दल त्यात मांडलेला विचार असा की बागकाम भावी माळी तयार करण्यासाठी शिकवू नये, आणि वेळ घालवण्यासाठीही नव्हे. बागेतून मुलाला शेतीचा माणसाच्या इतिहासाशी आणि आजच्या समाजरचनेशी असलेला संबंध कळावा, तिथून विज्ञानाच्या वाटा फुटाव्यात. म्हणजे वाफ्यात उभे राहून "ही जमीन कोणाची?" हा प्रश्न मुलाला पडला पाहिजे.

हाच प्रश्न बाबासाहेबांनी आयुष्यभर विचारला. १९१८ मध्ये त्यांनी भारतातील लहान शेतजमिनींच्या प्रश्नावर निबंध लिहिला. शेतीवरचा माणसांचा भार कमी करा, उद्योगधंदे वाढवा, हा त्याचा रोख. त्यांना आपली सगळी पोरे शेताच्या बांधाला बांधून ठेवायची नव्हती. १९२७ मध्ये मुंबई कायदेकौन्सिलात त्यांनी दाखवून दिले की सरकार शिक्षणावर दरडोई चौदा आणे खर्च करते आणि अबकारी करातून दरडोई दोन रुपयांहून अधिक वसूल करते. शाळेत शिरलेल्या शंभर मुलांपैकी जेमतेम अठरा चौथीपर्यंत पोचतात, हेही सांगितले. गळणाऱ्या ब्याऐंशी मुलांची त्यांना चिंता होती. त्यानंतर महार वतन आणि खोतीविरुद्धचा लढा, आणि त्यांच्या पश्चात दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९५९ आणि १९६४-६५ चे भूमिहीनांचे सत्याग्रह. ज्याच्या बापाच्या नावावर गुंठाभर जमीन नाही, त्या पोराला शेती शिकवणारी शाळा त्याला दुसऱ्याच्या बांधावरचा कुशल मजूर बनवते. जमिनीचा प्रश्न वगळून केलेले शेतीशिक्षण अर्धवट आहे, हे या लढ्यांनी शिकवले.

जातिव्यवस्थेने नुसती कामे वाटून दिली नाहीत, कामे करणारी माणसेच उतरंडीत बसवून एकमेकांपासून तोडली, हा बाबासाहेबांचा मूलभूत मुद्दा. शाळेची बाग ही उतरंड मोडू शकते, किंवा रोज सकाळी प्रार्थनेनंतर नव्याने उभी करू शकते.

मग आपण काय करायचे?

विरोधासाठी विरोध करू नका, आणि फोटो काढण्यासाठी समर्थनही करू नका. आपल्या गावातल्या, वस्तीतल्या शाळेत जा. शाळा व्यवस्थापन समितीत आपले पालक असतील तर त्यांना सोबत घ्या आणि जोतीरावांच्या कसोटीवर चार प्रश्न विचारा.

बागेत कोणती मुले खणतात आणि कोणती मुले वहीत लिहितात? पाळी सर्वांची, मुलींची आणि मुलांचीही, सारखी लागते का? बागेसाठी गणित, विज्ञान, इंग्रजीचे तास कापले जातात का? पिकलेली भाजी कोणाच्या ताटात जाते? आणि गुरुजी-बाई स्वतः मातीत हात घालतात का?

या चारही प्रश्नांची उत्तरे चोख मिळाली, तर ती बाग जोतीरावांची आहे. तिला पाणी घाला, आपल्या पोरांना त्यात आनंदाने पाठवा. कोणत्या पिकाला किती पाणी लागते, हमीभाव कसा ठरतो, सातबारा कसा वाचतात, हे सगळे त्या वाफ्याशेजारी बसून शिकवता येते. वस्तीतल्या अभ्यासिकेतही चार कुंड्या ठेवून सुरुवात करता येईल. पण उत्तरे टाळली गेली, तर समजा की पाटी हिसकावून पुन्हा कुदळ हातात देण्याचा डाव आहे. मग लेखी तक्रार द्या, पोच घ्या, आणि उत्तर मिळेपर्यंत पाठपुरावा सोडू नका.

आमच्या पहिल्या तटाच्या मित्रांना आम्ही म्हणतो, तुमचा संशय इतिहासाला धरून आहे, पण मळ्याची मागणी आपल्याच बापाची आहे, ती दुसऱ्याला देऊन टाकू नका. आणि दुसऱ्या तटाच्या मित्रांना म्हणतो, मातीचा अभिमान जरूर बाळगा, पण ज्या कागदावर जोतीरावांनी मळा मागितला त्याच कागदावर त्याआधी पाटी मागितली होती, हा क्रम विसरू नका.

जय जोती! जय भीम!